कुशाबाईंची मेंढरं आणि चर्चचं फाटक

बारामतीहून इंदापूरकडे येताना कळसच्या अलीकडे, कालव्याला लागून, काळ्या दगडाचं एक जुनं चर्च आहे. कालव्याच्या कामावरच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी ते आपल्या उपासनेसाठी बांधलं. ते गेल्यावर आसपासच्या वस्त्यांवरची मराठी ख्रिस्ती मंडळी तिथे येऊ लागली. उतरतं कौलारू छप्पर, दर्शनी भिंतीच्या टोकावर कमानीत टांगलेली घंटा, पुढे चिंचा, मागे कबरस्तान आणि सगळ्याभोवती कंबरेइतकं दगडी कुंपण. कुंपणाबाहेर नजर जाईल तिकडे ऊस. कुंपणाच्या आत गवत. कुशाबाईंचा चर्चशी संबंध आला तो या गवतामुळे.

कुशाबाई धनगर, बिरोबाला मानणाऱ्या. त्यांच्या सासऱ्यांचा कळप मोठा होता. दिवाळीनंतर तो कोकणाकडे उतरायचा. कालव्याचं पाणी वाढलं, माळाचं रान झालं आणि घरात शेती आली. मुलगा दादासो आता ऊस करतो, ट्रॅक्टर चालवतो. कुशाबाईंनी वीस-बावीस मेंढरं तेवढी ठेवली. कशासाठी, असं विचारलं तर त्या म्हणतात, "घरात बसून सुनंच्या चुका काढण्यापरीस बरं."

बहात्तरच्या दुष्काळात चर्चच्या तेव्हाच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, त्यांची मेंढरं आवारात घेतली होती. तेव्हापासून एक रिवाज पडला. रविवारी पहिली घंटा झाली की कळप मोठ्या फाटकातून बाहेर जायचा, उपासना संपली की आत यायचा. बदल्यात चर्चच्या कापणीच्या सणाला कुशाबाई एक कोकरू द्यायच्या. कळपाच्या पुढे जी मेंढी चालेल तिला त्या 'पाटलीण' म्हणत; एक गेली की दुसरी पाटलीण व्हायची. घंटा वाजली की पाटलीण मान वर करायची आणि फाटकाकडे चालू लागायची. तिला हाकावं लागत नसे.

चौऱ्याण्णव साली चर्चला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. कमिटीची सूत्रं मोहनरावांकडे आली. वालचंदनगरच्या कारखान्यात फोरमन म्हणून निवृत्त झालेले, हाताने काम करणारे, कडक गृहस्थ. कंपनीच्या कॉलनीत बंगल्यांपुढे असते तशी हिरवळ आणि गुलाब चर्चपुढे लावायचं त्यांनी ठरवलं. जूनमध्ये फाटकाला साखळी लागली.

"किती दिस?" कुशाबाईंनी विचारलं.

"कायमचं," मोहनराव म्हणाले. "लेंड्यांतून बिशपसाहेबांना चालवायचं का?"

"आतापतूर कितीतरी बिशप चालल्यात की. एक बी घसरला न्हाय."

मोहनराव हसले नाहीत. कुशाबाई कळप कालव्याच्या भरावावर आणि रस्त्याच्या कडेला चारू लागल्या. पावसाळ्यानंतर तिथलं गवत संपत आलं. दादासोने सरळ सांगितलं, "आये, दिवाळीपतूर जागा न्हाय गावली तर मेंढरं इकायची. ट्रॅक्टरखाली एखादं गेलं म्हंजी मग रडत बसशील." कुशाबाईंनी होकार दिला. त्यांना दुसरी जागा दिसत नव्हती.

शताब्दीच्या रविवारचं आमंत्रण त्यांना मोहनरावांच्या पत्नीने, प्रयागबाईंनी, दिलं. दोघींची जुनी ओळख. "आवार बंद हाय, चर्च न्हाय," असं त्या म्हणाल्या. कुशाबाईंनी नवं लुगडं नेसलं. रविवारी त्या कळप घंटेपासून लांब, कळसच्या पडीक रानात नेत. त्या दिवशी मात्र आमंत्रणाच्या गडबडीत मेंढरं चर्चसमोरच रस्त्याकडेला सोडली आणि आत जाऊन शेवटच्या बाकावर बसल्या. बिशपसाहेबांच्या गाडीसाठी साखळी काढून फाटक सताड उघडलेलं होतं, हे त्यांनी पाहिलं, पण मनावर घेतलं नाही.

पहिली घंटा झाली. पाटलीण निघाली. घंटा झाली की फाटक ओलांडायचं, एवढंच तिला माहीत होतं. आपण आत आहोत की बाहेर, हा विचार तिचा नव्हता. तिच्यामागे सगळा कळप आत आला. बिशपसाहेबांची गाडी मेंढरांमध्ये अडकली. मेंढरं हिरवळीवर पसरली आणि गुलाबाचे कोवळे शेंडे खाऊ लागली. मोहनराव सुटाबुटात हात पसरून धावले, तशी ती आणखी उधळली.

"धावू नगा, मोहनराव!" कुशाबाई दारातून ओरडल्या. "त्यास्नी वाटंल लांडगा आला!"

आतली माणसं हसली. नंतर भिगवणपर्यंत ही गोष्ट पोचली ती बिशपसाहेबांचं त्या दिवशीचं प्रवचन मेंढपाळावर होतं, या भरीसह. ते खरं नाही. प्रवचन छपराच्या दुरुस्तीवर होतं.

कुशाबाईंनी कळप चर्चला वळसा घालून मागे कबरस्तानात नेला आणि उपासना संपेपर्यंत तिथेच थांबल्या. चार महिने कुणी चरलं नव्हतं. पुढची हिरवळ कापायला यंत्र होतं. कबरींच्या दगडांमधून ते चालत नसे. गवत छातीला लागत होतं. पूर्वजांच्या कबरींवर फुलं वाहण्याचा कार्यक्रम याच गवतामुळे आणि सापांच्या भीतीने रद्द झाला होता. मागच्या पायरीवरूनच प्रार्थना करायची ठरलं होतं. मंडळी पायरीवर आली तेव्हा मेंढरांनी पहिल्या ओळीपुरती वाट तुडवून ठेवली होती. काही दगड दिसू लागले होते.

प्रयागबाई हातातली फुलं घेऊन सरळ गवतात उतरल्या. तिसरा दगड त्यांच्या आईचा होता. फुलं ठेवून त्या वळल्या आणि सगळ्यांदेखत नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, उद्या तुम्हाला हितंच यायचंय आणि मला बी. तवा आपल्यापतूर कोण येणार? तुमचे गुलाब?"

जेवणाची पंगत उठल्यावर मोहनराव चर्चची बाजूची भिंत आणि कुंपण यांमधली जागा टेपने मोजताना दिसले.

कुशाबाईंनी मात्र त्याच संध्याकाळी दादासोला व्यापाऱ्याकडे पाठवलं. मंगळवारी टेम्पो येणार होता. गुलाबांचं नुकसान केल्यावर आपल्याला आवारात कोण घेणार, असं त्यांनी धरलं होतं. ते कानावर गेलं तसे सोमवारी सकाळी मोहनराव स्कूटरवरून वस्तीवर आले.

"व्यापाऱ्याला नको म्हणून सांगा," ते म्हणाले. "मागची बाजू तुमची. मध्ये फाटक बसवतो. कमिटीला मी सांगतो."

"आन् गुलाब?"

"ते पुढं राहतील."

"पाटलिणीला लई आवडल्यात ते."

"कुशाबाई, मी परत जाऊ का?"

"बसा, बसा. च्या ठेवलाय."

टेम्पो आला नाही. फाटक मोहनरावांनी स्वतः वेल्डिंग करून बनवलं. मागच्या कुंपणातून कळपाला आत यायला छोटी वाटही ठेवली. त्या वर्षी कापणीच्या सणाला कुशाबाईंनी नेहमीप्रमाणे कोकरू दिलं.

एक अडचण राहिली. रविवारी पहिली घंटा झाली की पाटलीण अजूनही कबरस्तानातून निघते आणि नव्या फाटकाला डोकं लावते. मागून सगळा कळप रेटतो. आतली कडी त्या रेट्याला पुरत नाही. म्हणून मोहनराव सूट घालून फाटकाला पाठ लावून उभे राहतात, पलीकडून कुशाबाई काठी आडवी धरतात, आणि मेंढरं पुन्हा गवताकडे वळेपर्यंत दोघंही तिथून हलत नाहीत. पहिलं गीत मोहनराव बाहेरूनच म्हणतात. आत प्रयागबाईंनी त्यांच्यासाठी जागा धरलेली असते.