मस्कतमधला वन्स मोअर

इटालियन संगीताशी माझी ओळख एका पॅकिंग मशीननं करून दिली. मस्कतजवळ रुसैलला आमच्या बिस्किटांच्या कारखान्यात ते इटलीहून आलं आणि ते बसवायला एक इटालियन इंजिनिअर आला. त्याचं आणि माझं इंग्रजी सारखंच बेताचं, त्यामुळे आमचं फार छान जमलं. हा मशीनशी गाण्यातून बोलायचा. पट्टा अडकला की रडकं गाणं, सुटला की आनंदाचं. एकदा मीही त्याला एक नाट्यपद म्हणून दाखवलं. तान घेता घेता मला ठसका लागला, तो त्याला विशेष आवडला.

मग तो मला आणि माझ्या बायकोला मैफलींना नेऊ लागला. हिवाळ्यात मस्कतला मैफलींची रेलचेल असते. पहिल्याच खेपेला ऑपेरा होता; मंचावरच्या बाई मरत होत्या आणि मरता मरता गातच होत्या. बायको माझ्या कानात म्हणाली, "अहो, कुणीतरी हिला पाणी तरी द्या!" पण पुढच्या मैफलीत तीच पदरानं डोळे टिपत होती. मी काही विचारायला गेलो, तर म्हणाली, "गप्प बसा हो, ऐकू द्या."

अशातच एका महोत्सवात खुद्द इंजिनिअरच्या बायकोचं गाणं ठरलं. एकेकाळची नावाजलेली गायिका, पण घशाच्या ऑपरेशननंतर ती मंचावर उभी राहिली नव्हती. समुद्राकाठच्या खुल्या रंगमंचासमोर इंजिनिअर माझ्या शेजारी बसला होता. शेवटचं गाणं सुरू व्हायच्या आधी तो कुजबुजला, "यात एक फार वरचा सूर आहे. घरी कधी लागतो, कधी फाटतो. आज फाटला तर यापुढे गाणं बंद, असं म्हणालीये."

"लागेल, इन्शाल्ला," मी म्हणालो. त्यानं माझा हात घट्ट धरला, तो सोडेचना.

"लोक बघतायत," बायको पुटपुटली. "तुमचंच लग्न लागतंय असं वाटतंय."

गाणं चढू लागलं. इंजिनिअरनं डोळे मिटले. आणि सूर लागला! असा लागला की मागच्या उघड्याबोडक्या डोंगरावर जाऊन टेकला आणि तिथंच थोडा वेळ बसला.

आता मी जन्मानं सांगलीकर. आमच्याकडे नाटकात पद रंगलं की प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' ओरडायचं आणि नटानं, तो त्या प्रवेशात मेलेला असला तरी, उठून पुन्हा गायचं, ही रीत. गाणं संपताच मी ताडकन उभा राहिलो आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो, "वन्स मोअऽऽर!"

मागच्या रांगेत मराठी मंडळी होती. ती कसली ऐकतायत! त्यांनी आरोळी उचलली, आणि बघता बघता सगळं मैदान ओरडू लागलं.

इंजिनिअर पांढराफटक पडला. "तू काय मागितलंस?"

"तेच गाणं. पुन्हा."

"तो सूरसुद्धा? खलास!" मस्कतमध्ये येऊन हा एक शब्द तो पक्का शिकला होता.

"बसा आता खाली," बायको म्हणाली. "त्या माणसाचा संसार बुडवलात."

पियानो पुन्हा सुरू झाला. बाई गाऊ लागल्या. तो सूर आला आणि मधोमध टर्रकन फाटला, जुनं धोतर फाटावं तसा. मी कार्यक्रमपत्रिकेत तोंड खुपसलं. आणि मग माइकवरून हसू ऐकू आलं. बाई खळखळून हसत होत्या. त्यांनी पियानोवाल्याला हातानंच 'चालू दे' म्हटलं आणि उरलेलं गाणं भाजी चिरता चिरता म्हणावं इतक्या मजेत म्हटलं. टाळ्या आधीपेक्षा जास्त पडल्या.

कार्यक्रमानंतर त्या थेट आमच्याकडे आल्या. "पहिला कोण ओरडला?"

नवऱ्यानं तत्काळ माझ्याकडे बोट दाखवलं. मी हात जोडले.

"फाटला," त्या नवऱ्याला म्हणाल्या, जणू त्याला ठाऊकच नव्हतं. "आणि कुणीही उठून गेलं नाही." मग माझ्याकडे वळल्या. "पुढच्या वेळी जरा आधी ओरडा. त्या सुराच्या अलीकडेच. म्हणजे मला तिथूनच मागे फिरता येईल."

"पुढच्या वेळी?" इंजिनिअरनं विचारलं.

त्यांनी त्याच्या हातातली शाल घेतली, गळ्याभोवती गुंडाळली आणि फार भूक लागलीये म्हणाल्या.