डेल्फिनोने पेरलेलं गवत

आगीत काळा पडलेला डोंगर पाहवेना, म्हणून डेल्फिनोने त्यावर गवताचं बी फेकलं. माती वाहून जाऊ नये, हा हेतू. हेतू चांगला असला की माणूस कुणाला विचारत नाही. त्यातून डेल्फिनो सॅन डिएगोमागच्या डोंगरांतच जन्मलेला, म्हणजे त्याला सगळंच ठाऊक.

नुसता गप्प बसला असता तरी चमीजच्या झुडपांच्या जळक्या खोडांना फुटवे आले असते, सेजची झुडपं राखेतून आपोआप उगवली असती. गवताने त्या कोवळ्या रोपांचा गळाच दाबला आणि उन्हाळ्याआधी स्वतःही वाळलं. एकदा जळाला की तीस-चाळीस वर्षं स्वस्थ बसणारा डोंगर दुसऱ्याच वर्षी पुन्हा पेटायला तयार झाला. पायथ्याला डेल्फिनोच्या बहिणीचं, ओफेलियाचं घर आणि तिच्या मधमाश्यांच्या पेट्या.

ऑक्टोबरात कोरडा वारा सुटणार असं कळलं, तेव्हा डेल्फिनोने शेजारच्या क्लेमेंटकडे गवत चरायला शेळ्या मागितल्या. म्हाताऱ्याने बदल्यात एक बरणी मध मागितला, पण सेजच्या फुलांचाच. डेल्फिनो हो म्हणून मोकळा झाला. डोंगरावर सेज उरलेलं नाही, हे त्याला परतताना आठवलं.

शेळ्यांचा अर्धाच उतार चरून झाला होता, तोच एका सकाळी वाळवंटाकडून वारा उतरला. ओठ फुटले, कुत्रं खाटेखाली शिरलं. क्लेमेंट शेळ्या गाडीत भरून निघून गेला. डेल्फिनो पेट्या उचलायला धावला.

"दिवसाढवळ्या पेट्या हलवतोस?" ओफेलिया म्हणाली. "निम्म्या माश्या बाहेर आहेत. परतल्यावर कुठे जातील, तुझ्या डोक्यावर?"

"ताई, डोंगर पेटला तर?"

"पेटायची सोय तूच केलीस. आता दिवस मावळेपर्यंत बस."

दोघं बसली. ताटातले घेवडे कुणी खाल्ले नाहीत. उरलेलं गवत दिवसभर सळसळत राहिलं.

सूर्य कलला तशा माश्या परतू लागल्या, वाऱ्याने भिरकावल्यासारख्या. पूर्वेच्या कड्यामागे तपकिरी रेघ उठली होती. धूर की धूळ, दोघांनीही विचारलं नाही. ओफेलिया पेट्यांची तोंडं बंद करत गेली. तेवढ्यात क्लेमेंटची गाडी रिकामी होऊन परत आली आणि म्हाताऱ्याने न बोलता पेट्यांना हात लावला.

शेवटची पेटी चढली तेव्हा रेघ रुंद झाली होती, आणि आतून लाल.

"माझी बरणी?" क्लेमेंटने गाडी सुरू करता करता विचारलं.

"डोंगरावर सेज आलं की," डेल्फिनो म्हणाला.

"मी सत्तरीचा आहे, पोरा."