यादीतलं स्पॅनिश
भावाच्या घरी राहायला येऊन तीन वर्षं झाली, तेव्हा मी स्पॅनिश शिकायला घेतलं. नवऱ्यापासून वेगळी झाले होते, लेक चौथीत होती. नांदेडात धाकट्या भावाच्या दोन खोल्यांत त्याची दोन पोरं धरून आम्ही सहाजण. कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही, आणि तेच जास्त लागायचं. पुण्याच्या एका कंपनीला स्पॅनिश बोलणारी माणसं हवी होती. मला आतून कडी लावता येईल असं स्वतःचं दार हवं होतं, माझ्यासाठी आणि लेकीसाठी.

नांदेडात स्पॅनिश शिकवणारं कुणी सापडलं नाही. म्हणून मोबाइलवरच्या चॅटच्या प्रोग्रामशी बोलायला लागले, दुपारी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. मी कितीही तोडकंमोडकं बोलले तरी तो आधी शाबासकी द्यायचा, मग चूक सांगायचा. खरं सांगते, अख्ख्या दिवसात माझ्याशी इतकं निवांत दुसरं कुणी बोलत नव्हतं.

मग मुलाखतीची तारीख आली आणि माझ्यातली लातूरची पोरगी जागी झाली. दहावीनंतर मला आमच्या गावाहून, लोह्याहून, लातूरला शिकायला ठेवलं होतं. तिथे दोन वर्षं आम्ही एकच केलं. अपेक्षित प्रश्नांचे संच सोडवायचे, परत सोडवायचे, प्रश्नातला एक शब्द दिसला की हात आपोआप उत्तर लिहायला लागला पाहिजे. त्यावर मी बारावीला मार्कही काढले होते, त्यामुळे माझा अजून विश्वास होता. प्रोग्रामकडून दीडशे प्रश्न काढून घेतले, उत्तरंही त्याच्याकडूनच लिहून घेतली आणि घोकली. कुटुंबाच्या उत्तरात त्याने मला इंजिनिअर नवरा दिला, बाग असलेलं मोठं घर दिलं. मी ते बदललं नाही. खरं सांगायला शब्द पुरले नसते, आणि धीरही. मधूनच तो भलतंच विचारायचा, आज जेवायला काय केलं, बाहेर ऊन आहे का. मी त्याला दटावायची की यादीतलंच विचार, तेही ओळीने. तो माफी मागून तसंच करायचा. माणूस असता तर म्हणाला असता, बाई, असं कुणी बोलत नसतं.

मुलाखत दुपारी चारला, व्हिडिओवर होती. भावजयीने पोरांना शेजारी पाठवलं आणि स्वतः स्वयंपाकघराचं दार ओढून आत बसली. पलीकडे हसऱ्या चेहऱ्याची बाई होती. पहिले चार प्रश्न यादीतलेच निघाले, मी धडाधड उत्तरं दिली, ती मान डोलावत होती. तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी झाली. बाई दचकली, हसली आणि काहीतरी विचारलं. तुझ्या घरात हा कसला आवाज, इतकं साधं होतं ते, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला त्यातला 'कासा' तेवढा सापडला. कासा म्हणजे घर. झालं, माझं तोंड सुरू झालं. आमचं घर मोठं आहे, मागे बाग आहे, माझा नवरा इंजिनिअर आहे. ती थांबवायला हात वर करत होती, मला दिसत होतं. पण मध्येच थांबले तर पुढचं आठवणार नाही, या भीतीने मी शेवटच्या वाक्यापर्यंत गेले.

मग ती इंग्रजीत बोलली, अगदी हळू. तुझे उच्चार छान आहेत, म्हणाली, पण तू समोरच्याचं ऐकत नाहीस, आणि आमच्या कामात ऐकणंच जास्त असतं. या वेळी जमणार नाही. स्क्रीन काळी झाली आणि तीत माझा पावडर लावलेला चेहरा दिसला.

दार ढकलून भावजय बाहेर आली. तिला ना स्पॅनिश कळत होतं ना इंग्रजी. मी कुठे अडखळले नाही, एवढंच तिने दाराआडून ऐकलं होतं.

"लई भारी बोलल्या ताई तुम्ही. मी ऐकून राहिले होते. झालं न्हवं आता तुमचं?"

तिच्या हातात साखरेचा डबा होता. तीन वर्षांत तिचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. माझ्यासारखीच तीही एकेक दिवस काढत होती, हे मला त्या क्षणी कळलं. तिचा राग आला नाही, माझाच आला. तिने चिमूटभर साखर माझ्या तळहातावर ठेवली. मी ती खाल्ली आणि म्हणाले, "हाव, झालं."