करंगळीचं खोटं

काटा बाभळीचा होता, आणि मी तेव्हा स्वतःला फार शहाणी समजत होते. शेताच्या धुऱ्यावरच्या काट्या ओढताना तो उजव्या तळहातात, करंगळीच्या बुडाशी घुसला. अर्धा सुईनं काढला, अर्धा आतच मोडला. त्यावर हळद-गुळाचं पोटीस बांधलं आणि कापूस वेचायला गेले. हात वांग्यासारखा फुगला तरी पदराखाली लपवायची. कोणी विचारलं की म्हणायची, "उतरून राह्यलं." आज नात दोनदा खोकली तर मी तिला दवाखान्यात पिटाळते. तेव्हाची ती बाई मात्र अंगात ताप घेऊन डाव्या हातानं भाकरी थापत होती, आणि लोकांनी आपलं कौतुक करावं अशी वाट बघत होती. कोणी केलं नाही. भाकरीही वाकड्या झाल्या होत्या.

ताप डोक्यात चढून मी बडबडायला लागले, तेव्हा आमच्या मालकांनी मला डोणगावहून जीपमध्ये घातलं आणि बुलडाण्याला आणलं. डॉक्टरांनी हात बघितला आणि मालकांना बाजूला नेलं. परत आल्यावर मालक माझ्याकडे न बघता बोलले, "हात ठेवता येते का, ते पाहतो म्हणतात."

मला काहीच वाटलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या हाताबद्दल चाललंय असं वाटलं.

वाटलं ते बांगड्यांचं. चुडा सुजेत रुतला होता. ऑपरेशनआधी हात मोकळा करायला सिस्टर आली तशी मी हात छातीशी घेतला.

"फोडायच्या नाहीत. मालक समोर उभे हायेत."

मालक दारातूनच म्हणाले, "फोडू दे वो. मी काही लगेच मरत नाही. मरीन तवा तुले सांगून मरीन."

सिस्टर मलकापूरकडची, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असेल. ती हसली नाही, चिडलीही नाही. "फोडत नाही मावशी, वाढवते," म्हणाली. आमच्यात सवाष्णीचं मनगट उघडं ठेवत नाहीत, बांगड्या काढायच्या तर आधी दोरा बांधतात. ते तिला सांगावं लागलं नाही. मनगटाला सूज, म्हणून तिनं कोपराच्या वर पट्टीचा तुकडा सैलसर बांधला. मग एकेका बांगडीखाली ओलं कापड सरकवून ती कापडातच धरून चिमट्यानं दाबली. एकही काच मांसात गेली नाही. मी तिच्याकडे बघत राहिले, जसं परक्या घरी कोणाला भांडी घासताना बघावं तसं.

हात चिरून घाण काढली. हात वाचला, करंगळीचं मात्र कळत नव्हतं. ती काळसर पडली होती. डॉक्टर म्हणाले, जीव असेल तर राहील, नसेल तर काढावी लागेल, नाहीतर विष पुन्हा वर चढेल.

ते दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येत नाही. पंखा फिरायचा, मी बघायची. गावची माणसं भेटीला यायची आणि माझ्या उशाशी बसून, अमक्याचा हात कसा खांद्यापासून काढला होता ते एकमेकांना सांगायची. एक चुलतसासू म्हणाली, "आता पीठ कशी मळशीन वो तू?" मी म्हणाले, "पायानं." ती रागावून गेली. तेवढं एक चांगलं झालं. रडू मात्र येत नव्हतं. सिस्टरच येऊन मला भरवायची, केस विंचरून घट्ट वेणी घालायची. "कसं वाटते" असं तिनं कधी विचारलं नाही.

रोज सकाळी पट्टी सोडली की ती सुईचं टोक बोटांना लावायची. अंगठा, पहिलं बोट, मधलं. "हे कळून राह्यलं का?"

"हाव."

करंगळीशी आल्यावर मी दोन दिवस "नाही" म्हणाले. दोन्ही दिवस तिचा चेहरा उतरला. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "हाव."

आता कोणी विचारेल, काऊन? तर पाहुण्यानं पोट भरलं नसलं तरी भरलं म्हणायचं, अशा घरात मी वाढलेली. एवढं करते बिचारी, तिला आपण रोज नाही नाही काय म्हणायचं? बोट माझं, आणि मी सिस्टरचं मन राखत होते. असली हुशारी तेव्हाच्या माझ्यात पोत्यानं भरली होती.

सिस्टर एकदम खूश झाली. मग थांबली. "मावशी, डोळे मिटा बरं. आता कुठं लावली?"

"करंगळीले."

"आता?"

"करंगळीलेच. जराशी बाजूनं."

मी डोळे उघडले, तर सुई तिच्या दुसऱ्या हातातल्या ट्रेमध्ये पडलेली. तिनं मला हातच लावला नव्हता.

मला वाटलं, आता झापणार. ती खाटेच्या कडेला टेकली आणि माझी करंगळी आपल्या मुठीत धरली. मला ते दिसत होतं, कळत नव्हतं.

"मी डॉक्टरले 'कळते' म्हणून सांगतलं असतं," ती हळूच म्हणाली, "अन् ते थांबले असते. थांबल्यानं हात गेला असता ना वो. मले 'नाही' म्हणा. रोज म्हणा. मले काही होत नाही."

मी "नाही" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी करंगळी काढली. मालक बाहेर बाकावर बसून होते. नंतर आत आले, पट्टीकडे बघितलं, आणि माझ्या डाव्या हातात सोललेलं संत्रं ठेवून गेले.

पुढची पट्टी सोडताना सिस्टरनं उरलेली बोटं एकेक करून तपासली, आणि शेवटी टाक्यांच्या जागेजवळ बोळा टेकवला. हातातून कळ थेट काखेपर्यंत गेली. मी तिचं मनगट धरलं.

"काय झालं?"

"दुखते," मी म्हणाले. "लय दुखते."

"खरं सांगता?"

"आईची शपथ. बाई, काढ तो बोळा."

तिनं बोळा काढला आणि माझ्या पायथ्याशी बसली. दवाखान्यात आल्यापासून ती मला कधी निवांत बसलेली दिसली नव्हती. मला रडू यायला लागलं होतं. ते ती बघत होती, आणि डोळे पुसायची घाई करत नव्हती.