पुतळीची पकड

कासूजवळच्या आमच्या गावात अठ्ठ्याहत्तर साली मुलींचा कबड्डीचा संघ उभा केला तो कान्हूदादांनी. दिवसभर मिठागरात राबायचे आणि उन्हं कलली की खाडीकडच्या मैदानावर यायचे. शिकवायचे ते सगळं तोंडाने. बांधावर उभे राहून ओरडायचे, पाय मागे घे, मान वर कर. आम्ही आठ-दहा जणी त्या आवाजावरच खेळायचो.

एक दिवस गावातल्या गोदूबाईंनी आपली लेक पुतळी आणून उभी केली. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. चढाईला गेल्यावर 'कबड्डी कबड्डी' कोण म्हणणार, असं दादांनी समजावून पाहिलं. गोदूबाई म्हणाल्या, "पकडायला तं बोलावं नाय लागत ना?" दादांनी पुतळीला कोपऱ्यात उभं केलं.

पहिला आठवडा ते सवयीने ओरडतच राहिले. पुतळी त्यांच्या ओठांकडे बघून हसायची. मग एका संध्याकाळी ते स्वतः मैदानात उतरले. चाळिशी उलटलेला माणूस, मिठाने पायांना भेगा पडलेल्या; पण चढाई करणारीचा घोटा कसा धरायचा ते त्यांनी मातीत लोळून दहादा दाखवलं. तरी पुतळी घाई करायचीच. तेव्हा तिचं मनगट धरून, नेमक्या वेळेला ते तिचा हात पुढे नेऊ लागले. तेही पुरेना, तशी गोदूबाईंनीच तिच्या कमरेला दोरी बांधली. पुतळी लवकर झेपावली की दादा दोरी ओढायचे, वेळ आली की सैल सोडायचे. दोरी सुटायला महिना लागला.

रोह्याच्या स्पर्धेत शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणाने पुढे होतो. समोरची उंच पोरगी पुतळीच्या कोपऱ्यात पाय टाकून बघत होती. दादा रेषेबाहेर तोंड मिटून उभे होते. पुतळी थांबली, आणखी थांबली, आणि मग धरलेला घोटा तिने सोडलाच नाही. शिट्टी तिला ऐकू आली नव्हती. दादांनी आत येऊन तिची बोटं एकेक करून सोडवली.

"पुरे गो, झालं," म्हणाले, आणि तिथेच मातीत बसून रडले.

त्यानंतर ते आम्हालाही करून दाखवत, हाताला धरून शिकवू लागले. माझा खेळ त्यानेच सुधारला. तरी कधी कधी मी मुद्दाम पाय चुकवायची, त्यांनी बांधावरून एकदा ओरडावं म्हणून. चार वर्षांत एकेकीची लग्नं झाली. पुतळी कोलाडला गेली, मी पेणला. आमच्यानंतर गावात मुलींचा संघ काही झाला नाही.