टेबलाच्या पायाखालचा पुठ्ठा

परवाना तपासायला साहेब यायचे होते त्या सकाळी मी आतोबांच्या खेळाच्या टेबलाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि त्यांचा चालता धंदा बुडवायची चोख व्यवस्था केली.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. लोकांची करमणूक व्हावी म्हणून स्वतः इतका घोर लावून घेणारा माणूस साऱ्या बंगळुरात दुसरा झाला नसेल. इंग्रज सोल्जर परत गेले तेव्हा त्यांच्या क्लबातली खेळाची पाच यंत्रं आतोबांनी लिलावात घेतली, कंटोन्मेंटात गाळा भाड्यानं घेतला, बाहेर ‘खेळघर’ अशी पाटी लावली आणि त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. दमट हवेनं लाकूड फुगेल, गिऱ्हाइकं काचेवर कोपरं टेकतील, वजनाचा काटा एखाद्या जाड्या गृहस्थाला खरं सांगेल आणि तो भांडायला उठेल! नवे पैसे आले तेव्हा ती नाणी जुन्या आण्याच्या फटीत जाईनात. आतोबांनी आठवडाभर कानस घेऊन फटी घासल्या. फटी रुंद झाल्यावर आता लोक त्यात बटणं टाकतील, या धास्तीनं पुढचा आठवडा ते दाराशी उभं राहून आत येणाऱ्यांचे सदरे न्याहाळत होते.

त्यांचं लाडकं यंत्र म्हणजे गोळीचं टेबल. दांडा ओढून सोडला की लोखंडी गोळी वर जायची आणि खिळ्यांना ठोकरत खाली यायची. शंभराच्या खळग्यात पडली तर बक्षीस एक कंगवा. रोज सकाळी आतोबा काचेवर पाण्यानं भरलेली वाटी ठेवायचे. पाणी एका बाजूला कलंडलं की म्हणायचे, “आज कणकण आहे रे ह्याला.” मग पाचर ठोकून, पुन्हा वाटी ठेवून तासभर उपचार. आत्या म्हणायची, “घरात चार माणसं आहेत. त्यांच्या कपाळाला कधी हात लावलात का हो?” त्यांच्याकडे राहायला आल्यापासून मी रोज खेळायचो; स्वतः मात्र ते एकदाही खेळले नाहीत. डॉक्टरनं दुसऱ्याचं औषध पिऊ नये, असं त्यांचं म्हणणं.

आणि एक दिवस कुणीतरी अर्ज केला, की इथं कंगव्याच्या नावाखाली जुगार चालतो. खेळ कौशल्याचा ठरला तर परवाना; नशिबाचा ठरला तर जुगार, आणि गाळ्याला कुलूप. तीन दिवस आतोबांच्या घशाखाली घास उतरेना. “गाळा गेला तर मी काय करू रे?” ते मला म्हणाले. “मला काळजी करण्याशिवाय दुसरं काही येत नाही.”

मी विचार केला (मी विचार केला की घरची माणसं अजूनही घाबरतात), साहेब हरले तर चिडतील, जिंकले तर खूश होऊन सही करतील. म्हणून वाटी उचलून आतोबा मागं वळताच मी पुठ्ठा असा बसवला, की सोडलेली गोळी घरंगळत शंभरातच यावी.

साहेब आले. बारीक, चष्मेवाले. “मी असलं काही आयुष्यात खेळलेलो नाही,” असं कन्नडात म्हणून त्यांनी दांडा ओढला. पहिली गोळी शंभरात. दुसरी शंभरात. मी टाळी वाजवली. सातवी पडली तेव्हा साहेबांच्या कपाळाला आठ्या होत्या.

“मला सराव नाही, नजर धड नाही. तरी सातही आत. मग कौशल्य कुठं आलं यात? हा तर निव्वळ दैवाचा खेळ!”

आतोबा चुन्यासारखे पांढरे पडले. खाली वाकले, पुठ्ठा पाहिला. वर आले, मला पाहिलं. पुठ्ठ्याचं बोलावं तर लबाडी ठरणार, न बोलावं तर जुगार. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

“स्वल्प थांबा, साहेब,” आतोबा म्हणाले. “आपला हात उपजतच चांगला. हा आमचा भाचा. तीन वर्षं रोज खेळतोय. ह्याचा हात बघा.”

मी दांड्याला हात घातला. पहिली गोळी खिळ्यावर आपटून दांड्यापाशीच परत आली. दुसरी दोन खिळ्यांत अडकून बसली. पुढच्या चार कुठं गेल्या ते मी पाहिलं नाही. शंभरात गेल्या नाहीत एवढं खरं. सातवी उडून काचेला लागली. टेबल आमचं, पुठ्ठा माझा, आणि एक गोळी माझी नाही!

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “नुसत्या दैवानं कुणी इतकं वाईट खेळू शकत नाही.” आणि त्यांनी सही केली. आतोबा स्टुलावर बसले ते बसलेच. कितीतरी वेळ ते नुसते “सरी, सरी”, म्हणजे ‘बरं, बरं’, असं कन्नडात म्हणत होते.

पुढं काही वर्षांनी मालकानं ती इमारत पाडायला काढली. आतोबा थकले होते. यंत्रं एकेक करून गेली. गोळीचं टेबल हातगाडीवर चढलं तेव्हा ते त्याच्या काचेवर हात ठेवून गाडीबरोबर चार पावलं चालले. मला राहवेना. म्हटलं, “आतोबा, हे एक मी घरी नेतो. आठवण म्हणून राहील.”

“नको रे,” ते म्हणाले. “ज्याला खेळता येतं त्याच्याकडे जाऊ दे त्याला.”