पाळण्याच्या मागावर हबीबभाई

हबीबभाई आमच्या घरी आले की आधी खुर्ची उलटी करत. मग तिच्या खालच्या फळीला नाक लावून वास घेत, एखादा खिळा ठोकत आणि खुर्ची सरळ करून मलाच म्हणत, "बसा ताई." स्वतः मात्र कधी बसले नाहीत. मी चहाचं आधण ठेवेपर्यंत हा माणूस फाटकाबाहेर. घरात नवा पाहुणा असला की तो आ वासून बघत राही. मग मी सांगे, "काही नाही, आमचे सुतार आहेत."

अमरावतीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं टिनाचं दुकान होतं. कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत सागवानाचं कोणी नाव काढत नसे. दिवाण, कपाट, अगदी रुखवतातलं टेबलसुद्धा लोक हबीबभाईंकडून करून घेत. गोदामात मालाच्या थप्प्यांखाली लाकडी पॅलेट घालतात ना, त्या टाकून दिलेल्या पॅलेट ते आणून फोडत. खिळे उपटायचे, दगडावर ठोकून सरळ करायचे, फळ्यांवर रंधा मारायचा, असं दिवसभर चाले. "लय वझं उचललं ह्या लाकडानं ताई. आता त्याले जरा घरात राहू द्या," असं म्हणत.

माझी लेक मुक्ता झाली तेव्हा पाळणाही त्यांनीच केला आणि न सांगता आणून टांगला. आमच्याकडे पाळणा रिकामा ठेवत नाहीत. एका घरातलं मूल मोठं झालं की नात्यात जिथे बाळ येईल तिथे तो जातो. मुक्ता रांगू लागली आणि आमचा पाळणा भातकुलीला माझ्या नणंदेकडे गेला. पुढे तो कुठे गेला, मी विचारलंही नाही.

मुक्ता बालवाडीत जाऊ लागली होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी हबीबभाई दारात उभे, तोंड उतरलेलं. गोदामाचा चौकीदार त्यांना बोलता बोलता सांगून गेला होता की एका खेपेच्या पॅलेटांवर फवारणीच्या औषधाचे डबे फुटले होते. "त्याच फळ्या लागल्या ताई पाळन्याले. कुठी आहे पाळना?"

'औषध' हा शब्द त्या वर्षांत आम्ही घराघरांत दबक्या आवाजात बोलत होतो. का, ते वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. माझं डोकंच फिरलं. "तेव्हा तुम्हाला वास नाही आला?" मी ओरडले.

"नाही आला," ते खाली बघत म्हणाले. "मले सर्दी होती."

मुक्ताला उचलून मी डॉक्टरांकडे धावले. त्यांनी नीट तपासलं आणि पोरगी ठणठणीत आहे म्हणाले. माझ्या जिवात जीव आला. हबीबभाईंच्या मात्र आला नाही.

त्यांनी दुकान बंद केलं. कोणाच्या तरी मोडक्या दाराच्या सागवानी फळ्या मिळवून नवा पाळणा केला आणि एसटीच्या टपावर बांधून भातकुली गाठली. नणंदेने पाळणा केव्हाच मोर्शीला, तिच्या जावेच्या माहेरी धाडलेला. हे मोर्शीला पोचले, तर तिथूनही तो धामणगावला गेलेला. प्रत्येक घरी त्यांनी खरं काय ते दारातच सांगून टाकलं. मोर्शीहून परतले तेव्हा सदऱ्याची बाही फाटली होती.

"मारलं काय हो?" मी विचारलं.

"मारलं न. मारायलेच पायजे. पन पत्ता देल्ला त्याहिनं."

धामणगावला पाळण्यात बाळ झोपलेलं होतं. ते उठेपर्यंत हबीबभाई अंगणात चकरा मारत राहिले, मग नवा पाळणा टांगून जुना घेऊन आले. मी म्हटलं, जाळून टाका एकदाचा. "जाळला तं धूर कोनाच्या नाकात जाईन?" असं म्हणून त्यांनी दुकानामागे खड्डा खणला आणि तो पुरला.

मला वाटलं, संपलं. पण नंतर दर वर्षी ते या चारही घरी जाऊ लागले. खुर्च्या-टेबलं ठोकून देण्याचं निमित्त असे. "पाळना आनला मी. पन चार लेकरं झोपून गेली त्याच्यात, त्याहिचं काय?" असं मला म्हणत. मुक्ताला विचारत, "खोकला नाही ना? अंगाले खाज? जरा चालून दाखव." लहान होती तेव्हा ती लपायची. मोठी झाल्यावर म्हणाली, "काका, शिंक आली तरी कळवू का?" ते हसले नाहीत. "कळवजो," म्हणाले. पाळणा मात्र त्यांनी पुन्हा कोणाला करून दिला नाही.

हबीबभाई या उन्हाळ्यात गेले. त्याच्या आधीच्या दिवाळीत मुक्ता बाळंतपणाला माहेरी आली होती. बारशाला नणंदेने पाळणा पाठवला. सागवानी फळ्या, हात लागून लागून काळ्या झालेल्या. धामणगावहून निघून किती घरं फिरून आला होता कोण जाणे. मी हबीबभाईंना बोलावणं धाडलं.

काठी टेकत आले. पाळणा बघताच ओळखला. आत मुक्ताचा मुलगा झोपला होता. हबीबभाई हळूच वाकले आणि बाळाच्या उशालगतच्या फळीला नाक लावून बराच वेळ तसेच राहिले.

"कशाचा वास येतो?" मला राहवेना.

"दुधाचा," ते म्हणाले. "अन् तेलाचा."

मग मुक्ताकडे पाहिलं. या खेपेला तिला काही विचारलं नाही. भिंतीजवळची खुर्ची ओढली, उलटी न करताच तिच्यावर बसले आणि म्हणाले, "ताई, चहा टाका."

मी आत गेले. चहा उकळेपर्यंत पुन्हा पुन्हा बाहेर डोकावून पाहत होते. हबीबभाई बसलेलेच होते.